बारा किलोची केटलबेल, कराटे आणि खालच्या मजल्यावरच्या काकू

पत्र : ताई, नमस्कार. वय ३६, वजन ६१ किलो, राहणार भांडुप, नोकरी फोर्टातल्या बँकेत. कॉलेजात असताना गोजू-र्यू कराटे केलं, ब्राऊन बेल्टपर्यंत पोचले. मग नोकरी, लग्न, मुलगी. मुलगी आता पाच वर्षांची आहे आणि गेल्या वर्षी मी क्लास पुन्हा सुरू केला. मंगळवार, गुरुवार, शनिवार, संध्याकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये. काता (ठरलेल्या हालचालींची मालिका) अजून अंगात आहेत, पण कुमितेत (जोडीतल्या लढतीत) बावीस वर्षांच्या मुली मला रेटत मागे नेतात. माझा ठोसा पोचतो, पण लागत नाही. जिमला जाणारी मैत्रीण म्हणते, केटलबेल (वर कडी असलेलं गोल लोखंडी वजन) घे, फरक पडेल. आमचे सर म्हणतात, वजनं उचललीस की अंग आखडेल, हात जड होतील. कोणाचं ऐकू? घ्यायची तर किती किलोची, आणि किती दिवस करायची? घर वन आरके, तिसरा मजला. खालच्या काकू मिक्सर लावला तरी वर येतात. ट्रेनमध्ये उभं राहून कंबर धरते. आणि क्लासमध्ये उड्या मारताना थोडा बायकी त्रास होतो, तो इथे उघड लिहीत नाही. (एक वाचक, भांडुप)

उत्तर : दोघांचंही ऐका. मैत्रीण म्हणते ते खरं आहे आणि सर म्हणतात तेही बरंचसं खरं आहे. फक्त दोघांच्या डोळ्यांसमोर वेगवेगळी माणसं आहेत. मैत्रीण बोलतेय ती नीट शिकून, थोडंच करून, वेळेवर झोपणाऱ्या बाईबद्दल. सर बोलतायत ते सकाळी जिममध्ये छाती-दंड पिळून येणाऱ्या आणि संध्याकाळी खांदे कानापाशी नेऊन ठोसे मारणाऱ्या पोरांबद्दल. अशी पोरं मीही पुष्कळ पाहिलीत, त्यामुळे सरांची चीड मला कळते.

माझं उत्तर असं : १२ किलोची एकच केटलबेल, आठवड्यातून दोन सकाळी, पंचवीस मिनिटं. क्लासचे तीन दिवस तीनच राहतील, केटलबेलपायी त्यातला एकही बुडवायचा नाही. एवढ्यावर पत्र मिटवता आलं असतं, पण कारण माहीत नसलं की माणूस तिसऱ्या आठवड्यात दोनाचे पाच दिवस करतो आणि सहाव्यात सगळंच सोडतो. म्हणून जरा लांबण लावते.

"ठोसा पोचतो, पण लागत नाही" हे तुमचं वाक्य मला फार नेमकं वाटलं. पोचतो म्हणजे अंतर आणि वेळ दोन्ही जमतंय, जुनी तालीम शाबूत आहे. लागत नाही म्हणजे जमिनीकडून मुठीकडे जी ताकद चढायला हवी ती वाटेत गळतेय. ग्याकु-झुकी, म्हणजे मागच्या हाताचा ठोसा, मारताना मागचा पाय जमीन रेटतो, नितंब पुढे येतो, कंबर फिरते, पोट क्षणभर घट्ट होतं, आणि हात सगळ्यात शेवटी येतो. दिवसभर काउंटरमागच्या खुर्चीत बसून या साखळीतली दुसरी कडी, म्हणजे नितंब आणि मांडीची मागची बाजू, सगळ्यात आधी ढिली पडते. मग आपण खांद्याने भरपाई करायला जातो आणि ठोसा ढकलल्यासारखा होतो. तुम्हाला रेटत नेणाऱ्या मुलींचे दंड तुमच्यापेक्षा जाड असतीलच असं नाही. त्या पायांनी रेटतात.

केटलबेलचा स्विंग, म्हणजे ती पायांमधून मागे नेऊन कंबरेच्या झटक्याने पुढे झुलवणं, नेमका त्याच कडीवर काम करतो. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातले निवृत्त प्राध्यापक स्टुअर्ट मॅकगिल हे पाठीच्या कण्याचे नावाजलेले अभ्यासक. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने २०१२ साली १६ किलोच्या स्विंगची मोजणी प्रसिद्ध केली. नितंबाचे स्नायू त्यांच्या कमाल जोराच्या सुमारे ८० टक्क्यांपर्यंत आवळले जातात आणि कंबरेचे सुमारे ५० टक्क्यांपर्यंत, असं त्यात दिसलं. मला त्यातली जास्त मोलाची गोष्ट ही वाटते की ते आवळणं क्षणाचं असतं. स्नायू कडक होतो, लगेच सैल सुटतो, पुन्हा कडक होतो. २०१० साली मॅकगिल यांनीच कसलेल्या एमएमए (मिक्स्ड मार्शल आर्ट्स) लढवय्यांचे फटके मोजले होते. तिथे जोर दोनदा चढताना दिसला : फटका सुटताना एकदा, मध्ये सैल, आणि लागण्याच्या क्षणी पुन्हा. मधलं सैल पडणं ज्याला जमतं त्याचा हात वेगाने जातो. तुमचे सर "किमे" म्हणून जे ओरडत असतील ते हेच. तेव्हा अंग आखडण्याची भीती सावकाश, जड, ताणून धरलेल्या वजनांबद्दल असेल तर समजू शकते. नीट केलेला स्विंग आखडण्याच्या उलट बाजूची तालीम देतो.

याने खरंच काही वाढतं का? इंग्लंडमध्ये २०१२ साली एक छोटा प्रयोग झाला. एका गटाने सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, फक्त १२ मिनिटं स्विंग केले : ३० सेकंद काम, ३० सेकंद विश्रांती. ७० किलोच्या आतल्यांना १२ किलोची केटलबेल, वरच्यांना १६ची. शेवटी उभी उडी जवळजवळ २० टक्क्यांनी वाढली आणि अर्ध्या बैठकेतली कमाल ताकद जवळजवळ १० टक्क्यांनी. दुसऱ्या गटाने वजन घेऊन उड्यांचा व्यायाम केला, त्यांची वाढही तेवढीच होती. मात्र ही सगळी १८ ते २७ वयाची पुरुष मंडळी होती, त्यांना पाच वर्षांची मुलगी नव्हती आणि संध्याकाळची कल्याण स्लो लोकलही नव्हती. तुमचा आकडा वेगळा येईल. दिशा तीच राहील.

सरांशी बोलताना मात्र हे आकडे नेऊ नका, उपयोग होणार नाही. त्यांच्याच घराण्यातलं सांगा. गोजू-र्यूचे संस्थापक चोजून मियागी यांच्या ओकिनावातल्या परंपरेत "होजो उंडो" नावाचा पूरक व्यायाम कराटेचाच भाग होता. दांड्याच्या एका टोकाला दगड बसवलेली चिशी मनगट आणि खांद्यासाठी फिरवायची. तोंडाशी बोटांनी धरायचे मातीचे घडे, निगिरी-गामे, उचलून सांचिन या गोजू-र्यूच्या पायाभूत कात्याच्या चालीने चालायचं. आणि कुलपाच्या आकाराचं, वर पकड असलेलं दगडी वजन, इशी-साशी, हातात धरून उचलायचं, झुलवायचं. इशी-साशीचं चित्र कोणाही केटलबेलवाल्याला दाखवा, तो तिला आपलीच चुलतबहीण म्हणेल. दुसऱ्या टोकाला रशियात धान्य तोलायची वजनं उचलता उचलता तिथल्या गड्यांनी त्यांचा व्यायाम केला. १६, २४, ३२ हे आकडे "पूड" या जुन्या रशियन मापावरून आले, एक पूड म्हणजे साधारण १६.३८ किलो. आणि आपल्याकडच्या तालमीत मुद्गल, करेला, गदा कशासाठी होत्या? कुस्ती मातीतच शिकायची, पण अंग त्याआधी आणि त्यानंतर घडवायचं, हे लाल मातीतल्या वस्तादांना कोणी सांगावं लागलं नाही. दोरीच्या मल्लखांबावर वाढलेली मी, मला तर पूरक व्यायाम म्हणजे परकं काही आहे हेच पटत नाही.

आता स्विंग. इथे थांबून सावकाश वाचा, कारण कराटेवाल्यांची यात दोन ठिकाणी हमखास गडबड होते.

पहिली म्हणजे बैठक. "खाली जा" म्हटलं की तुमचं शरीर आपोआप शिको-दाचीत जातं, गुडघे बाहेर, पाठ ताठ, बूड सरळ खाली. स्विंगमध्ये बूड मागे जातं. पाठीमागे अर्ध्या हातावर भिंत आहे आणि तिला बुडाने स्पर्श करायचाय असं समजा. गुडघे थोडेच वाकतात, नडग्या जवळजवळ उभ्या राहतात, छाती पुढे झुकते, मांडीच्या मागे ताण जाणवतो. तो ताण आला नाही तर ती बैठक झाली, स्विंग नाही.

दुसरी गडबड जास्त धोक्याची आणि ती खास गोजू-र्यूवाल्यांची. सांचिनने तुम्हाला ओटीपोट आत ओढून, शेपटीचं हाड खाली खेचून उभं राहायला शिकवलंय. स्विंगच्या वरच्या टोकाला हे उत्तमच आहे : नितंब घट्ट, पोट घट्ट, अंग एका रेषेत, क्षणभर सांचिनमध्येच उभ्या आहात म्हणा. पण खाली वाकताना तीच सवय राहिली तर कंबर गोल होते आणि वजनाचा सगळा झटका मणक्यांवर येतो. वाकताना पाठ लांब आणि सपाट ठेवायची. झाडूची दांडी पाठीला लावून तपासा. डोकं, दोन खांद्यांमधला भाग आणि माकडहाड अशा तिन्ही जागी ती टेकलेली राहून तुम्ही वाकू शकलात तर पुढे जा. नाही तर दांडीसोबतच आठवडाभर राहा, घाई कसली?

बाकीचं सोपं आहे. हात म्हणजे झोपाळ्याच्या साखळ्या, ते उचलत नाहीत, नुसते धरतात. केटलबेल पायांमधून मागे जाते तेव्हा मनगट मांडीच्या वरच्या भागाला लागलं पाहिजे. ती गुडघ्यांखाली लोंबली तर पाठ ओढली जाते. तिथून कंबर फटकन पुढे. केटलबेल छातीच्या उंचीपर्यंत आपोआप तरंगत येते. त्याहून वर न्यायची नाही. डोक्यावर नेण्याची एक पद्धत जिममध्ये दिसते. वन आरकेमध्ये, पंख्याखाली, तिचा विचारही नको, आणि खांद्यालाही तिचा फायदा नाही. वरच्या टोकाला श्वास फटकन बाहेर, फक्त "हिस्स" एवढाच आवाज. किआई (कराटेतली आरोळी) नको, काकू आहेत.

पहिले दोन आठवडे मात्र स्विंग करायचाच नाही. केटलबेल दोन पायांच्या मध्ये जमिनीवर ठेवा, वर सांगितल्याप्रमाणे वाका, उचलून सरळ उभ्या राहा, परत ठेवा. आठ-आठच्या चार-पाच फेऱ्या. कंटाळवाणं आहे, पण काताही पहिल्यांदा कंटाळवाणाच असतो. तिसऱ्या आठवड्यापासून दर मिनिटाच्या सुरुवातीला दहा स्विंग आणि मिनिटाचा उरलेला वेळ विश्रांती, अशी पाच मिनिटं. दर आठवड्याला एखादं मिनिट वाढवत दहा मिनिटांवर या आणि तिथेच थांबा. शंभर स्विंग तुमच्या कामाला पुरेसे आहेत. दम लागेपर्यंत, आकार बिघडेपर्यंत करायची जी हौस असते ती शनिवारच्या कुमितेसाठी राखून ठेवा.

स्विंगच्या जोडीला मी दोनच गोष्टी देईन. एक गेट-अप. पाठीवर झोपायचं, एका हातात वजन सरळ छताकडे धरायचं, आणि ते तसंच धरून कोपर, तळहात, गुडघा असं टप्प्याटप्प्याने उभं राहायचं, मग त्याच वाटेने खाली. खांदा जागेवर कसा बसवायचा आणि धड एकसंध कसं ठेवायचं, हे यात कळतं. ठोसा लागताना खांदा मागे ढकलला जातो ना, त्यावर हा उतारा आहे. पहिला महिना वजनाऐवजी मुठीवर चप्पल ठेवून करा. चप्पल न पाडता उठता-झोपता आलं की पाण्याची भरलेली बाटली, मग कोणाची चार किंवा सहा किलोची मिळाली तर ती. एका बाजूला एकेक, असं तीन वेळा. पूर्ण उभं राहिल्यावर हात पंख्याला लागतो का ते आधी रिकाम्या हाताने पाहा आणि पंखा बंद ठेवा.

दुसरी गोष्ट, केटलबेल छातीशी दोन्ही हातांनी धरून खोल बैठका. पाच-पाचच्या तीन फेऱ्या. शिको-दाचीत तुमचं बूड हळूहळू वर येत असेल, तर त्यावर याहून चांगलं काही मला माहीत नाही. झालं. तिसरं काही हवंच असेल तर एका हातात केटलबेल लटकवून बिल्डिंगच्या पॅसेजमध्ये न झुकता चालत जा आणि हात बदलून परत या. ते निगिरी-गामेचंच शहरी रूप आहे.

काय करू नका हेही सांगते, कारण मैत्रीण उत्साही दिसते. वजन हातात धरून ठोसे मारू नका. पायाला वजनाचे पट्टे बांधून माए-गेरी, मावाशी-गेरी या लाथा तर मुळीच नकोत. वजन जमिनीकडे ओढतं आणि ठोसा समोर जातो. त्यामुळे मेहनत होते ती हात वर धरून ठेवणाऱ्या खांद्याची, ठोशाची नाही. वर कोपर आणि गुडघा शेवटी झटका खातात, आणि वर्षानुवर्षं घडवलेला मार्ग बिघडतो तो वेगळाच. ताकद केटलबेलने कमवायची, ती ठोशात कशी घालायची हे क्लासमध्ये, माकिवारावर (ठोसे मारायच्या फळीवर) आणि पॅडवर शिकायचं. ही दोन कामं एकत्र केली की दोन्ही अर्धवट होतात.

दिवस कोणते? बुधवार आणि रविवार सकाळ. मंगळवारच्या क्लासनंतर रात्रीची झोप झालेली असते आणि गुरुवारच्या क्लासला अजून दीड दिवस असतो. रविवारी शनिवारच्या कुमितेने अंग ठणकत असेल तर नुसतं बैठका आणि गेट-अप करा, स्विंग निम्मे. शुक्रवारी काही करायचं नाही. क्लासच्याच दिवशी सकाळी करायचा मोह होईल, तोही आवरा. पकड आणि बाहू थकलेले असले की संध्याकाळी गेदान-बराई (खालचा वार अडवणारा हात) ढिली पडते आणि सर म्हणतात, बघ, मी सांगितलं होतं. त्या वेळी सर बरोबर असतील. महिन्यात एखाद्या आठवड्यात मुलगी आजारी पडेल, मेगाब्लॉक असेल, बँकेत मार्चएंड असेल. तेव्हा केटलबेल सोडा, क्लास धरा. आणि झोप सहा तासांच्या खाली जात असेल तर मला केटलबेलबद्दल पत्र लिहू नका, घरच्यांशी बोला. पहाटे डबा करणारी बाई एकटीच का असते, हा माझ्या सदराचा विषय नाही, पण ताकदीच्या हिशोबात तो येतोच. डब्यात मात्र उसळ, अंडं, पनीर, जे खात असाल ते दोन्ही वेळा असू द्या. नुसत्या पोळी-भाजीवर अंग भरत नाही.

आता खरेदी. धोबी तलावला खेळाच्या सामानाच्या दुकानांत जाऊन हातात धरूनच घ्या, फोर्टातून चालत जाल. प्लास्टिकच्या कवचात सिमेंट भरलेली स्वस्त मिळते, ती नको. तिचा घेर मोठा असतो आणि मांड्यांमधून जाताना अडखळते. अखंड बिडाची, खालून सपाट, कडीवर साच्याची धारदार रेघ नसलेली घ्या. रेघेवर बोट फिरवून बघा, बोटाला टोचली तर दहाव्या स्विंगला तळहात सोलेल. स्पर्धेची पोलादी केटलबेल कुठल्याही वजनाची असली तरी एकाच आकाराची असते आणि रंगावरून ओळखू येते, निळी म्हणजे १२, पिवळी म्हणजे १६. चांगली असते, पण महाग, तुम्हाला तिची गरज नाही. आठची घेऊ का असं मनात आलं असेल, तर गेट-अपला आठ ठीक, पण स्विंगला ती तुम्हाला हातांनी उचलता येईल इतकी हलकी आहे आणि मग तुम्ही हातांनीच उचलाल. बाराची तसं करू देत नाही. घरी आणताना पाठीवरच्या सॅकमध्ये घाला आणि गर्दी नसलेल्या वेळची ट्रेन पकडा. संध्याकाळी साडेसहाच्या लेडीज डब्यात १२ किलोचं बीड घेऊन चढलात तर स्विंगआधीच कुमिते होईल.

मुंबईत दोन शत्रू आणखी : घाम आणि गंज. मे महिन्यात कडी हातातून निसटते, आणि निसटलेली केटलबेल समोर जाते. म्हणून समोर टीव्ही, खिडकी, कपाटाचा आरसा असू नये आणि मुलगी त्या वेळी खोलीत असता कामा नये. हा नियम मोडायचा नाही, "ती झोपलीय कोपऱ्यात" हेही चालणार नाही. हाताला टाल्कम पावडर लावू नका, घामात ती उलट निसरडी होते. जिम्नॅस्ट लावतात ती मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी पूड ("चॉक") मिळते, ती किंचित. लादीवर घामाचे थेंब पडले की लगेच पुसा, तुम्ही अनवाणी असणार. पावसाळ्यात बिडाला आठवड्यात तांबूस गंज धरतो. वापरून झाली की कोरड्या फडक्याने पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा आणि पुढच्या वेळी कडी आधी कोरडी करा. तळहाताला घट्टे येतील, कडी तळव्याच्या मध्यात न धरता बोटांच्या मुळाशी आकड्यासारखी धरलीत तर कमी येतील. जे येतील ते अंघोळीनंतर वज्रीने घासत जा. वाढू दिले की एक दिवस उचकटतात आणि आठवडाभर मूठ वळत नाही.

काकूंचा प्रश्न तुम्हाला वाटतो तेवढा मोठा नाही. स्विंगला आवाज नसतो, आवाज असतो ठेवण्याला. दुपदरी गोधडी किंवा रबरी चटई अंथरा आणि शेवटचा स्विंग हवेत संपवण्याऐवजी पायांमधून परत आणून, वाकून, जमिनीवर टेकवा. ती आदळली तर तुमची पाठ चुकलीय असं समजा. काकू फुकटच्या कोच आहेत. सकाळी सातच्या आधी करू नका आणि त्यांना एकदा घरी बोलावून दाखवा, काय करताय ते. न कळलेल्या आवाजाचा लोकांना जास्त त्रास होतो.

कंबरेबद्दल. डेन्मार्कमध्ये २०११ साली एक प्रयोग झाला. अंगदुखीच्या तक्रारी जास्त असलेल्या कामांतले चाळीस नोकरदार, बहुतेक बायका, सरासरी वय ४४. त्यांच्यातल्या निम्म्यांनी आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, वीस-वीस मिनिटं केटलबेल केलं आणि त्यांचं मान-खांद्यांचं व कंबरेचं दुखणं कमी झालं. दमसास मात्र वाढला नाही, म्हणून कुमितेच्या फेऱ्या आणि दोरीच्या उड्या सोडू नका. पण मॅकगिलांच्या स्विंगच्या मोजणीत आणखी एक गोष्ट होती. स्विंगमध्ये मणक्यांवर पडणारा आडवा जोर नेहमीच्या वजन उचलण्याच्या उलट दिशेचा असतो. त्यामुळे काहींची पाठ याने सुधारते आणि थोड्यांची चिडते. तुम्ही कोणत्या गटात आहात हे आधी सांगता येत नाही, करून कळतं. ट्रेनमध्ये उभं राहून भरून येणारी आणि झोपल्यावर मोकळी होणारी कंबर असेल तर दांडी, उचल, मग स्विंग या क्रमाने निर्धास्त जा. दुखणं पायात उतरत असेल, बधिरपणा, मुंग्या, पायात ताकद कमी वाटत असेल, तर केटलबेल विकत घेण्याआधी ऑर्थोपेडिक डॉक्टरला दाखवा. खासगी परवडत नसेल तर केईएम, सायन, नायर या पालिकेच्या रुग्णालयांत फिजिओथेरपीचे विभाग आहेत. रांग असते, पण काम नीट होतं.

तो "बायकी त्रास" मी उघड लिहिते, कारण हे वाचणाऱ्या अनेकींना तो आहे आणि प्रत्येकीला वाटतं आपल्या एकटीलाच. उडी मारताना, शिंकताना, जोरात किआई देताना लघवीचे थेंब निसटणं. बाळंतपणानंतर हे अगदी सर्रास होतं. पण सर्रास आहे म्हणून सोसत बसायचं कारण नाही. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ढिले पडलेले असतात आणि त्यांचाही व्यायाम असतो. तो बायकांच्या आरोग्यात काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडून एकदा समोरासमोर शिकून घ्या, कारण वाचून करताना बऱ्याच बायका वर ओढण्याऐवजी खाली ढकलत असतात. तोपर्यंत श्वास कोंडून काहीही उचलू नका, जोर लावताना श्वास बाहेर. सांचिनमध्येही पोट खाली दाबून श्वास सोडत असाल तर सरांना विचारून तो सौम्य करा. स्विंग करताना निसटलं तर त्या दिवशी स्विंग बंद, जमिनीवरून उचलण्यावर परत या. काही महिन्यांनी पुन्हा बघू.

सरांना सांगायचंच, लपवून करू नका. तळहाताच्या घट्ट्यांवरून त्यांना तसंही कळेल. "सर, मी असं असं दोन दिवस करतेय, काता आखडलेला दिसला तर मला लगेच सांगा," एवढं म्हणा. उपकार मागताय असं नको, नजर मागा. मोजमापही तेच ठेवा. किती स्विंग झाले याची वही हवी तर लिहा, पण तीन महिन्यांनी पाहायचं ते हे : शिको-दाची शेवटपर्यंत खाली राहते का, कुमितेत मागे जाणारी पावलं कमी झाली का, पॅड धरणारी मुलगी ठोशाला पाय बदलते का. ती पाय बदलायला लागली की समजा, ताकद मुठीपर्यंत चढायला लागली.

ग्रेडिंगची (बेल्टच्या परीक्षेची) तारीख लागली की दोन आठवडे आधी स्विंग निम्मे करा, शेवटच्या आठवड्यात फक्त चपलेचा गेट-अप आणि झोप. आणि सोळाची घ्यायची घाई नको. बाराने दहा मिनिटांत शंभर स्विंग, त्यातले शेवटचे दहाही पहिल्या दहासारखे, आणि दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये हात हलके, असं महिनाभर सलग जमलं की मग धोबी तलावची दुसरी फेरी मारा. तेव्हा बाराची कोणाला देऊन टाकू नका. चपलेनंतर, बाटलीनंतर, गेट-अपला तीच लागणार आहे.